बियांपासून उभं केलेलं रान

१८ जून २०१६

ताई,

हे पत्र तू फाडणार हे मला माहीत आहे. खुशाल फाड. पण आधी वाच, कारण गावातलं दुसरं कुणी तुला खरं कळवणार नाही.

ओढ्यावरच्या उतारावरची आपली सालीची झाडं मेली. एकूण एक. तू तायपेत बसून ज्या हॉटेलवाल्याला उतार भाडेपट्ट्याने दिलास, त्याने मे महिन्याच्या शेवटी माणसं आणली. पाहुण्यांना अंथरुणात पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे, मध्ये झाडं नकोत. नुसती तोडली असती तर मी चकार शब्द काढला नसता. ती झाडं तोडण्यासाठीच असतात. आई दर हिवाळ्यात तोडायची आणि उन्हं तापली की एकेका बुंध्यातून दहा धुमारे वर यायचे. याने काय केलं, तर बुंध्यांना गिरमिटाने भोकं पाडली आणि आत औषध ओतलं. मी कुदळीने दोन हात खोल खणून पाहिलं. मुळं काळी पडली आहेत आणि घाण वास येतोय.

मी त्याच्या दारात गेले. तो चांगला मऊ बोलतो. म्हणाला, "आजी, ती कागदी तुतीची रानटी झुडपं. हरणं पाला खातात त्यांचा. काय एवढं?"

मी म्हटलं, "हरणं खातात, डुकरं खातात, तुऱ्यांचं सार आम्ही पितो, फळं पोरं खातात. सालीची दोरी होते, झोळी होते, आणि सालीचं कापड माझ्या बापाच्या अंगावर होतं. तुझ्या हॉटेलात यातलं काय मिळतं?"

तो म्हणाला, "वायफाय."

मी परत आले ती थेट सावमा मामाकडे. एक्याऐंशी वर्षांचा आहे आता, पण कान शाबूत आहेत, तोंड तर आहेच. म्हणाला, "मूळ मेलं म्हणजे झाड गेलं, नाकाव. दुसऱ्या गावातून मुळ्या मागून आण."

"मागायला मी कुणाच्या दारात जाणार नाही."

"मग?"

"बी लावीन. बंद पडलेल्या शाळेमागे एक मादी झाड आहे. फळांनी लगडलंय."

मामा हसला, सुपारीच्या लाल पिचकारीसकट. "बी? ते पक्ष्यांचं काम. माणसाने कधी बी पेरलंय त्याचं?"

"तर मी पक्षी," म्हटलं.

आज सकाळी जाऊन पाटीभर फळं आणली. तुला आठवत असतील, नारिंगी, झिपरी, बोटांना चिकटणारी. मुंग्यांशी आणि बुलबुलांशी भांडून आणावी लागली.

तुझ्याकडून मला काही नको. उतार तुझा आहे, आपल्यात जमीन थोरल्या मुलीची. गावात रोज कुणीतरी त्याची आठवण करून देतं. झाडं मात्र माझी असतील.

नाकाव


११ ऑगस्ट २०१६

ताई,

मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस. पुढचं ऐक.

फळं पाण्यात कुस्करली, गर धुऊन काढला. तळाशी बसल्या त्या बिया ठेवल्या, तरंगल्या त्या कोंबड्यांना. सावलीत वाळवल्या. मोहरीहूनही बारीक. मासळीचे थर्माकोलचे खोके बंदरावरून मागून आणले, तळाला भोकं पाडली, ओढ्याची माती आणि वाळू भरली, घराच्या गच्चीवर मांडले. बी पेरलं, वर दोन बोटं माती घातली, पाणी शिंपडलं आणि बसले वाट बघत.

वीस दिवस झाले, काही नाही. पंचवीस झाले. शेजारची कातिङ रोज जिना चढून यायची, कमरेवर हात ठेवून खोक्यात बघायची आणि म्हणायची, "अगं, काय छान माती उगवलीय गं तुझी!"

त्या दिवशी मी एक खोका उचलून गच्चीवरून खाली फेकला. कातिङच्या कोबीवर पडला. ती आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिनेच हाक मारली. तिच्या कोबीच्या वाफ्यात, जिथे माती विस्कटून बी उघडं पडलं होतं, तिथे बोटाच्या नखाएवढी रोपं उभी होती. वीस-पंचवीस तरी असतील. त्या बीला उजेड लागतो, ताई. पुरलं की ते रुसतं. मी सगळं पुरून ठेवलं होतं.

दुसऱ्यांदा पेरलं ते नुसतं मातीवर भुरभुरलं. वर काही नाही. बाराव्या दिवशी उगवलं. कातिङ म्हणते, शोध तिचा, कारण कोबी तिचा. म्हणू दे.

सुगीचा सण झाला. पुरुष तीन दिवस नाचले. मामाही एक फेरी नाचला, मग तरुण गटाने त्याला उचलून खुर्चीत बसवला. डोक्यावर त्याची सालीची टोपी होती, आईने केलेली. काठाला फाटलीय. कुणीतरी विचारलं, "आजोबा, नवी घ्या की." तो म्हणाला, "माझ्या भाचीच्या गच्चीवर पेरलीय." सगळे हसले. मीही हसले, पण मला राग आला होता.

तू तिथे नव्हतीस. कुणी विचारलंही नाही. हे तुला लागावं म्हणूनच लिहितेय.

नाकाव


२ एप्रिल २०१७

ताई,

तुझा आवाज बदललाय. घोगरा झालाय. सिगारेट ओढतेस का?

तुला फोनवर जेवढं कळलं तेवढंच कळलं असेल, म्हणून नीट सांगते. रोपं हिवाळ्यात गुडघ्याला लागली. पानं अजून खरखरीत, कुणाला तीन कात्रे, कुणाला पाच, कुणाला एकही नाही. मुळीपासून आलेली झाडं एकमेकांची नक्कल असतात, ही तशी नाहीत. एकाच फळातली दोन रोपं शेजारी ठेवली तर ओळख लागत नाही. तुझ्या-माझ्यासारखी.

मार्चच्या शेवटी मी ती उतारावर नेली. हो, तुझ्या जमिनीत. हो, भाड्याने दिलेल्या. झाडं जिथे मारली तिथेच ती लावायची, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. कातिङ आणि मी चार सकाळी खपलो. एकशे बारा रोपं. पाचव्या सकाळी हॉटेलवाला पोलीस घेऊन आला.

पोलीस पलीकडच्या खोऱ्यातला, आपल्यातलाच, नव्या भरतीचा. माझ्या हातात कोयता होता तो त्याने आधी दोनदा बघितला. म्हणाला, "मावशी, खाली ठेवा ना तेवढा."

"ठेवत नाही. काम चालू आहे."

"यांची तक्रार आहे की तुम्ही परवानगीशिवाय घुसलात."

"माझी आई इथे चाळीस वर्षं घुसत होती."

हॉटेलवाला म्हणाला, "जमीन हिच्या बहिणीची आहे. तिलाच विचारा. ती हिच्याशी बोलतसुद्धा नाही."

हे त्याला कुणी सांगितलं, ताई? सगळ्या जगाला माहीत आहे वाटतं.

मग पोलिसाने तुझा नंबर लावला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. मी कोयता घट्ट धरला. तू "हॅलो" म्हणालीस आणि मी खाली बसले, ते उन्हाने. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

त्याने सगळं सांगितलं. विचारलं, "तक्रार नोंदवायची का, मॅडम?"

तुझ्या मागे कुठेतरी काँक्रीटचं मिक्सर फिरत होतं. मग तू विचारलंस, "किती आहेत?"

"एकशे बारा म्हणतात."

"किती अंतराने लावलीत?"

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. मी हात पसरून दाखवले. तो म्हणाला, "दोन हात असेल."

आणि तू ओरडलीस, "दोन हात? एवढं लांब? सांग तिला, अक्कल गहाण टाकलीस का! लांब लावली की फांद्या फुटतात, फांदी फुटली की सालीला भोक पडतं. चिकटून लाव म्हणावं, सरळ वर जातील." आणि फोन ठेवलास.

पोलीस फोनकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे तक्रार आहे की नाही?"

कातिङ म्हणाली, "आहे. पण ती अंतराबद्दल आहे."

हॉटेलवाला निघून गेला. पोलिसाला आम्ही चिकट भात आणि खारवलेलं डुकराचं मांस खायला घातलं.

मला अंतर शिकवू नकोस. आईजवळ तीस वर्षं मी होते, तू नव्हतीस. दुसऱ्या दिवशी मी मधल्या जागांत आणखी नव्वद रोपं लावली. तुझ्या सांगण्यावरून नाही. उरली होती.

नाकाव


२० ऑक्टोबर २०१७

ताई,

वादळ गेलं. हॉटेलचे पत्रे उडून भातात पडले. आपल्या घराला काही झालं नाही. उतारावरची निम्मी झाडं वाकली, तीस-एक मोडली. मोडलेली मी जमिनीलगत छाटली. पंधरा दिवसांत फुटली. मामा म्हणाला, "आता ही आपली झाली. मार खाऊन उठली ना."

हे सांगायला मात्र बसले नाहीये. एक गोष्ट आहे, ती मी सहा वर्षं कुणाला सांगितली नाही.

आईचा श्वास मंगळवारी सकाळी लागला होता. मी तुला फोन केला गुरुवारी, ती गेल्यावर. सगळ्यांना सांगितलं की अचानक झालं, वेळच मिळाला नाही. वेळ होता. दोन दिवस होता. फोन माझ्यासमोर टेबलावर होता.

का, ते सांगते. सात वर्षं तिला मी उचललं, धुतलं, भरवलं. तू एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात गेलीस, मग तायपेत बांधकामांवर. घर धरून बसायचं काम थोरलीचं होतं, ते मी केलं. आणि आता शेवटी तू गाडीतून उतरणार, सगळे बाजूला सरकणार आणि तू उशाशी बसणार. आई डोळे उघडून "लिसिन" म्हणणार. ते मला बघवलं नसतं. म्हणून मी फोन केला नाही.

तेवढ्याने भागलं नाही. तू आलीस तेव्हा अंगणात सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, "आता आलीस? मेल्यावर? दाराबाहेरच थांब." तू दाराबाहेर थांबलीस. पावसात. पुढच्या वर्षी तू उतार त्या माणसाला दिलास.

माफी मागत नाहीये. मागितली की तुला ती द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल, आणि दोन्हींत तू वर नि मी खाली. खोटं बोलले एवढं सांगितलं. आता काय करायचं ते तू ठरव.

रागाने काही पाठवायचं असेल तर पोलिसालाच पाठव, त्याला आपलं मांस आवडलंय.

नाकाव


६ जानेवारी २०१९

ताई,

सव्वा वर्ष. एक ओळ नाही. मी समजू शकते, पण म्हणून गप्प बसणार नाही.

या हिवाळ्यात पहिली कापणी झाली. सत्तावीस खोडं, मनगटाएवढी, सरळ. चिकटून लावली होती म्हणून सरळ, बस, एवढंच म्हणेन. मागच्या वसंतात चौदा झाडांना तुरे आले, म्हणजे ते नर. बियांपासून लावली म्हणून नर-मादी दोन्ही आहेत. आईच्या रानात एकालाही कधी तुरा नव्हता, तुऱ्यांसाठी आपण डोंगरात जायचो. आता दारात सार. गोगलगाई घालून केलं. मामा दोन वाडगे प्यायला आणि म्हणाला, "आईपेक्षा पाणचट." म्हणजे आवडलं.

साल सोलायला दोघी लागतात, ते विसरले होते. एकीने खोड पोटाशी धरायचं, दुसरीने चीर देऊन ओढत मागे जायचं. आई ओढायची, तू धरायचीस, मी रडायचे मला धरू द्या म्हणून. यंदा कातिङने धरलं. ती मध्येच शिंकते आणि साल तुटते. पहिल्या नऊ फाटल्या. दहावी अखंड आली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, ओली, पांढरी, काकडीसारखा वास. कातिङने शिंक शेवटपर्यंत दाबून धरली. तिचं असं कधी झालेलं मी पाहिलं नाही.

वरची तपकिरी पापुद्री खरवडली, आतली ओंडक्यावर ठेवून बडवली. चार बोटं रुंद होती, हातभर झाली. चीक धुतला, दगडावर वाळवली. मामाची टोपी झाली. एका बाजूला जाड, एका बाजूला झिरझिरीत. त्याने घातली ती आता झोपतानाही काढत नाही.

हॉटेलवाला परवा आला होता. आता तेवढा मऊ बोलत नाही. म्हणाला, "पट्टा एप्रिलात संपतोय. तुमची बहीण नव्या कागदावर सही करत नाही. फोन उचलत नाही. तुम्ही तिला सांगा."

मी म्हटलं, "ती माझ्याशी बोलतसुद्धा नाही."

तो गेल्यावर मी उरलेल्या साली गुंडाळून ठेवल्या. मग ठरवलं.

शनिवारी हुआलिएनवरून दुपारची गाडी पकडून येतेय. पत्ता मला पाकिटांवरून पाठ आहे. सोबत सोललेल्या सालीच्या गुंडाळ्या, आईचा बडवणा आणि एक ओंडका. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन आणि बडवायला घेईन. तुझी इमारत किती मजल्यांची आहे ते मला माहीत नाही, पण शेवटच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल. शेजारी काय म्हणतील त्याचं तू बघ.

बोलावलेलं नाहीस, माहीत आहे. मी विचारत नाहीये, कळवतेय.

नाकाव


१५ जानेवारी २०१९, तुझ्या स्वयंपाकघरात

ताई,

तू कामावर गेलीस म्हणून हे लिहून केटलीखाली ठेवतेय. तोंडावर बोलायला गेले की आपण दोघी ओरडतो, आणि खालची बाई काल दुसऱ्यांदा वर आली होती.

तीन दिवस मी तुझं ऐकलं. आता तू माझं ऐक.

मामाने तुला मंगळवारीच फोन केला होता, हे तू मला परवा रात्रीच्या जेवणात सांगितलंस, भाताचा घास तोंडात असताना, जणू मीठ मागतेयस. तू स्टेशनावर आलीस, तिकीट काढलंस आणि तीन गाड्या सोडल्यास. "चार वर्षं आले नव्हते, काय तोंड घेऊन येणार होते," म्हणालीस. मग घरी परत गेलीस आणि माझ्या फोनची वाट बघितलीस, म्हणजे यायला सबब मिळेल.

सात वर्षं मला वाटत होतं की मी तुला आईपासून अडवलं. ते कबुलीचं पत्र मी तीनदा फाडून परत लिहिलं. आणि तुला ते मिळाल्यावर तू एका ओळीने कळवलं असतंस तर माझं सव्वा वर्ष वाचलं असतं. तू का कळवलं नाहीस? "तूच दोषी आहेस हे वाचायला बरं वाटत होतं," म्हणालीस. एवढं खरं बोलतेस म्हणून मी तो वाडगा तुझ्या अंगावर फेकला नाही. भिंतीवर फेकला. डाग पुसलाय.

अंगणात तुला मी जे बोलले ते चूक होतं. तू वेळेवर आली असतीस तरी मी तसंच बोलले असते, दुसरं काहीतरी शोधून. हे मी कबूल करते. आणि तू गाड्या सोडल्यास ते तुझं. ते मी माझ्या डोक्यावर घेणार नाही. एवढे दिवस घेतलं, पुरे झालं.

उतार का दिलास हे मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "तिथे गेलं की आई साल ओढत मागे मागे येताना दिसायची. दिसायला नको होती." पण तू झाडं मारायला सांगितलं नव्हतंस, ते मी आता मानते. मामाला मात्र घरी गेल्यावर बघते. दोन्हीकडचं माहीत असून गप्प बसला म्हातारा. टोपी काढून घेणार आहे त्याची.

नव्या कागदावर सही करणार नाहीस, म्हणालीस. तेवढ्या एकाच गोष्टीवर आपलं भांडण झालं नाही.

मी दहाच्या गाडीने जातेय. सांगून निघाले असते तर तू स्टेशनावर आली असतीस आणि आपण तिथे लोकांसमोर काहीतरी केलं असतं.

नहाणीघरातला टब बघ. त्यात साल भिजत घातलीय, चार पट्ट्या, सगळ्यांत चांगल्या. रोज पाणी बदल, नाहीतर वास सुटेल. शुक्रवारी त्या मऊ होतील. ओंडका बाल्कनीत आहे, बडवणा तुझ्या उशीखाली ठेवलाय. मध्यापासून काठाकडे बडवायचं, घाई करायची नाही, पातळ झालं की दुमडून परत. तुला येतं. येत नसेल तर शीक.

मी त्या परत न्यायला येणार नाही. कापड झालं की तू घेऊन ये.

नाकाव